छातीत भरून आलं? आधी पट्टी, मग हिशेब

‘काही नाही हो, अ‍ॅसिडिटी असेल,’ म्हणत ओव्याचं पाणी पिऊन पुन्हा कामाला लागणारी बाई प्रत्येक गल्लीत सापडेल. घरधन्याच्या छातीत कळ आली की लगेच रिक्षा बोलावली जाते. स्वतःच्या दुखण्याला मात्र ‘मुलाची फी भरून होऊ दे, मग बघू’!

मैत्रिणींनो, छातीत दुखणं हे बायकांमध्येही मुख्य लक्षण आहेच. पण कधी नुसती धाप लागते, जबडा किंवा पाठ दुखते, मळमळतं, घाम फुटतो, विनाकारण गळून गेल्यासारखं होतं. असं अचानक झालं तर १०८ला फोन करायचा, पैशाचा विचार नंतर. ही रुग्णवाहिका मोफत आहे.

तपासणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर थेट हजारोंचं बिल येतं. प्रत्यक्षात सुरुवात ईसीजीपासून, म्हणजे आपल्या भाषेत ‘पट्टी’पासून होते. पाच-दहा मिनिटांचं काम आणि खर्चही कमी. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. तेव्हा पहिली पट्टी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात काढायला काय हरकत आहे? मात्र पट्टी चांगली आली म्हणजे सगळं ठीकच, असंही नाही. त्रास चालू असेल तर डॉक्टर पुन्हा पट्टी काढतात, रक्ताची ट्रोपोनिन तपासणी करतात.

त्यापुढे टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. यात सुई नाही, दुखत नाही. छाती उघडी करावी लागते म्हणून कित्येकजणी टाळतात. अहो, बाई मदतनीस आत थांबू द्या, असं सांगायचं. त्यात लाजण्यासारखं काय? स्ट्रेस टेस्टला चालत्या पट्ट्यावर भरभर चालावं लागतं. तिथे साडी नको, पंजाबी ड्रेस आणि बूट घालून जा.

खरी कसोटी अँजिओग्राफीला. मनगटातून नाहीतर मांडीतून बारीक नळी घालून रक्तवाहिन्यांत औषध सोडतात आणि अडथळा कुठे आहे ते पाहतात. अडथळा सापडला की बाहेर घाबरलेल्या नातेवाइकांना विचारतात, ‘लगेच स्टेंट टाकू का?’ त्या क्षणी कोण भाव करणार! बांगड्या सोनाराकडे जातात त्या इथेच. म्हणून टेबलावर जाण्याआधीच दोन प्रश्न विचारून ठेवा. हे रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे का? स्टेंट लागला तर एकूण खर्च किती?

या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि अँजिओप्लास्टी, बायपास त्यात बसतात. योजना कॅशलेस आहे. आधी बिल भरून मागाहून पैसे मागायची नाही. म्हणून दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला गाठायचं. माहितीसाठी १५५३८८ हा टोल फ्री क्रमांक. बाहेर केलेल्या तपासण्यांचा खर्च मात्र बहुतेकदा खिशातूनच जातो, तेवढी तजवीज लागते.

स्टेंटच्या किमतीवरही सरकारचं बंधन आहे, बरं का. फेब्रुवारी २०१७मध्ये औषधाचा थर असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली, त्याआधी लाखाच्या वरही आकारणी होत असे. त्यानंतर दर वेळोवेळी बदलत आले. बिलात स्टेंटची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळा लिहून मागा. तो आपला हक्क आहे. धर्मादाय रुग्णालयांतही दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. तिथल्या समाजसेवकाला भेटा, आपणहून कोणी सांगायला येईलच असं नाही.

आणि एक काम तर आजच करण्याजोगं. रेशनकार्ड आणि आधार शेजारी ठेवून पाहा. कित्येकींच्या आधारवर माहेरचं नाव असतं, रेशनकार्डावर सासरचं. काहींचं नाव लग्नाला वीस वर्षं झाली तरी सासरच्या कार्डावर चढलेलंच नसतं. ऐनवेळी योजनेचं घोडं इथेच अडतं. नावदुरुस्तीचा अर्ज तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात करता येतो.