लहान इंजिनातील इंधनपुरवठा व इथेनॉलमिश्रित पेट्रोल : समुद्रपूर परिसरातील फवारणी यंत्रांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुका हा प्रामुख्याने कापूस, सोयाबीन व तूर पिकविणारा प्रदेश आहे. येथील शेतीत पाठीवरचे पेट्रोलचलित फवारणी यंत्र व गवत कापण्याचे यंत्र आता रुळले आहे. या यंत्रांचे दोन-स्ट्रोक इंजिन आकाराने लहान असले तरी ऐन फवारणीच्या दिवसांत ते बंद पडल्यास किडीचा बंदोबस्त लांबतो व नुकसान पिकाचे होते. अलीकडे अशा बिघाडांचा दोष सरसकट इथेनॉलला दिला जातो आणि उपाय म्हणून जेटचे छिद्र मोठे केले जाते. या समजुतीत तथ्य किती, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पार्श्वभूमी :
पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या प्रायोगिक प्रकल्पांना २००१ मध्ये सुरुवात झाली, तेव्हा त्यांत महाराष्ट्रातील मिरज व मनमाड या ठिकाणांचा समावेश होता. २०२२ मध्ये देशाने १० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा मानके लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाकींत इंधन अंतःक्षेपण प्रणाली आली. या प्रणालीतील ऑक्सिजन संवेदक मिश्रणातील फरक ओळखून इंधनाचे प्रमाण स्वतः सुधारू शकतो. फवारणी यंत्रात मात्र साधा कार्बुरेटरच असतो व त्याला ही सोय नाही.

कार्बुरेटरचे कार्य व जेटचे गणित :
व्हेंच्युरीच्या अरुंद भागातून हवा वेगाने जाते, तेथे दाब कमी होतो व जेटमधून इंधन ओढले जाते. इंधनाचे प्रमाण मुख्यतः जेटच्या छिद्रावर ठरते. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने १४.७ पट हवा लागते, तर इथेनॉलला केवळ ९ पट. २० टक्के मिश्रणासाठी हे गुणोत्तर सुमारे १३.५ येते. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी ८ ते ९ टक्के अधिक इंधन हवे. ते न मिळाल्यास मिश्रण विरळ होते, शक्ती घटते व इंजिन अधिक तापते.

प्रवाह छिद्राच्या क्षेत्रफळावर व क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्याने व्यास सुमारे ४ टक्क्यांनी वाढविणे पुरेसे ठरते. ०.६० मिलिमीटरच्या जेटऐवजी साधारण ०.६२५ मिलिमीटरचा जेट लागेल. १० टक्के मिश्रणावर जुळविलेल्या इंजिनास याच्या निम्माच बदल लागतो, आणि मूळ मिश्रण दाट ठेवलेले असल्यास तोही लागत नाही. अडीच शतांश मिलिमीटरचा हा फरक तार फिरवून साधणे अशक्य आहे. तारेने छिद्र वेडेवाकडे होते व मिश्रण गरजेपेक्षा कितीतरी दाट होते. बदल करायचाच असेल तर पुढच्या क्रमांकाचा तयार जेट बसवावा. डायफ्राम कार्बुरेटरमध्ये समायोजनाचा स्क्रू असल्यास तो थोडासाच फिरवावा.

जादा टू-टी ऑइल टाकण्याची प्रथाही उपकारक नाही. ऑइल वाढले की तेवढ्याच द्रवात पेट्रोल घटते, मिश्रण आणखी विरळ होते व कार्बन साचतो. एअर फिल्टर काढल्यास मिश्रण तर विरळ होतेच, शिवाय शेतातील धूळ सिलिंडरमध्ये जाते.

खरा धोका : पाणी व साठवण :
इथेनॉल पाण्यात सहज मिसळते. १० टक्के मिश्रणात सामान्य तापमानास सुमारे अर्धा टक्का पाणी विरघळून राहते, म्हणजे लिटरमागे चमचाभर. २० टक्क्यांत ही क्षमता काहीशी अधिक असते. तापमान उतरले की ती घटते. मर्यादा ओलांडताच पाणी व इथेनॉल यांचा वेगळा थर टाकीच्या तळाशी बसतो. दोन-स्ट्रोक इंजिनाचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असते आणि या तळच्या थरात ते जवळजवळ नसते. इंधननळी तळातूनच निघत असल्याने वंगणाविना असलेला हा थर आधी इंजिनात जातो आणि पिस्टन जाम होण्याची शक्यता निर्माण होते. फवारणीच्या कामात पाणी सतत हाताळले जाते. ओली कॅन किंवा ओले नरसाळे येथे पुरेसे घातक ठरते.

दुसरा परिणाम सुट्या भागांवर होतो. जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व डायफ्राम इथेनॉलमुळे फुगतात किंवा कडक होतात आणि पाणीयुक्त इंधनामुळे धातूचे भाग गंजतात. हंगाम संपल्यावर टाकीत राहिलेले पेट्रोल उडून जाते, चिकट अवशेष मागे उरतो व जेट बुजतो. पुढच्या खरिपात यंत्र सुरू होत नाही ते बहुधा यामुळे.

उपाययोजना :
१) इंधनासाठी कोरडी, घट्ट झाकणाची स्वतंत्र कॅन वापरावी व काही दिवसांपुरतेच मिश्रण तयार करावे.
२) हंगामाअखेर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.
३) नळ्या व डायफ्राम बदलताना इथेनॉलसह्य साहित्याचे घ्यावेत.
४) ऑइलचे प्रमाण उत्पादकाच्या सूचनेनुसारच ठेवावे.

महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतही इथेनॉलचे प्रमाण तपासता येते. मोजपात्रात ९० मिलिलिटर पेट्रोल व १० मिलिलिटर पाणी घेऊन हलवून स्थिर ठेवल्यास इथेनॉल पाण्यात उतरते. २० टक्के मिश्रणात खालचा थर अंदाजे २८ मिलिलिटरपर्यंत वाढतो. ही चाचणी ज्योतीपासून दूर, खेळत्या हवेत करावी व ते पेट्रोल पुन्हा इंजिनात वापरू नये.

निष्कर्ष :
इथेनॉलमुळे जेटमध्ये लागणारा बदल अल्प व गणिताने ठरविता येण्याजोगा आहे. इंजिनाची हानी प्रामुख्याने पाणी, निष्काळजी साठवण व विसंगत सुटे भाग यांतून होते. म्हणून जेटला हात लावण्यापूर्वी टाकी, नळी व कॅन तपासणे शेतकऱ्याच्या अधिक हिताचे आहे. हे ज्ञान गावपातळीवर पोहोचविण्यासाठी राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे हे उत्तम माध्यम ठरू शकेल.