समुद्राच्या पाण्याने लाव्हा अडवला, आज त्याच ज्वालामुखीवर लोक ट्रेकला जातात

आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ हेमाए नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम १३ चौरस किलोमीटर आणि पोट सगळं मासेमारीवर.

२३ जानेवारी १९७३ च्या मध्यरात्रीनंतर गावाच्या अगदी कडेला जमीन फाटली आणि लाव्हा उसळू लागला. नशीब असं, की आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारी बोटी बंदरातच उभ्या होत्या. त्याच बोटींतून सुमारे ५,३०० लोकांना काही तासांत बाहेर काढलं गेलं.

माणसं वाचली, पण लाव्हा आता बंदराच्या तोंडाकडे सरकत होता. बंदर बुजलं असतं तर लोकांनी परत येऊन करायचं काय?

मग एक अजब वाटणारा उपाय झाला. पंप लावून समुद्राचं गार पाणी लाव्ह्यावर मारायला सुरुवात झाली. पाण्याने पुढची कड थिजून दगड होते आणि मागून येणाऱ्या लाव्ह्याला तीच भिंत अडवते, असं हे साधं गणित. काही महिन्यांत सुमारे ६० लाख घनमीटर पाणी ओतलं गेलं. जुलैमध्ये उद्रेक थांबला. जवळपास ४०० घरं गेली, पण बंदर वाचलं. उलट नव्या खडकामुळे त्याला लाटांपासून जास्त आडोसा मिळाला आणि बेटही दोनेक चौरस किलोमीटरने वाढलं.

त्या उद्रेकातून तयार झालेला डोंगर म्हणजे एल्डफेल. उंची सुमारे २०० मीटर, त्यामुळे सवय नसलेलेही आरामात चढतात. पायथ्याशी राखेतून उकरून काढलेल्या एका घराभोवती संग्रहालय उभारलंय.

उन्हाळ्यात इथल्या कड्यांवर रंगीत चोचीचे पफिन पक्षी लाखोंनी येतात. उन्हाळा संपताना त्यांची पिल्लं गावातल्या दिव्यांना भुलून रस्त्यावर उतरतात. मग इथली पोरं रात्री खोकी घेऊन निघतात, पिल्लं गोळा करतात आणि दुसऱ्या दिवशी समुद्रावर सोडून देतात.

जवळच सर्टसी बेट आहे. तेही ज्वालामुखीतूनच, १९६३ मध्ये समुद्रातून वर आलं. पण तिथे फक्त संशोधकांना प्रवेश आहे, पर्यटकांना नाही.

हेमाएला जायला मुख्य भूमीवरून फेरी आहे. हवामान चांगलं असेल तर साधारण ४० मिनिटं लागतात. खवळलेल्या समुद्रात मात्र फेरी लांबच्या बंदरातून सुटते, त्यामुळे परतीच्या विमानाआधी एखादा दिवस हाताशी ठेवलेला बरा.