'एक्स्क्विझिट' : एका विशेषणाची अर्थव्याप्ती

इंग्रजीतील 'एक्स्क्विझिट' या विशेषणासाठी मराठीत सामान्यतः 'अतिसुंदर', 'नाजूक' किंवा 'उत्कृष्ट' हे प्रतिशब्द योजले जातात. ते चुकीचे नाहीत. परंतु त्यांपैकी एकानेही या विशेषणाचे सर्व प्रयोग उलगडत नाहीत. इंग्रजीत 'एक्स्क्विझिट' अशी जरीची वेलबुट्टी असते, तशीच वेदनाही असते. या दोहोंना एकच विशेषण कसे लागू पडते, हे शब्दाच्या मुळाकडे गेल्यावाचून कळत नाही.

लॅटिनमध्ये 'एक्स' म्हणजे बाहेर व 'क्वेरेरे' म्हणजे शोधणे. त्यांपासून सिद्ध झालेल्या धातुसाधिताचा अर्थ 'कसून शोधून काढलेले' असा होतो. 'क्वेश्चन' व 'क्वेरी' हे शब्दही याच धातूचे होत. पंधराव्या शतकात हे विशेषण इंग्रजीत आले, तेव्हा सौंदर्यापेक्षा निवडीची काटेकोरता त्यात प्रधान होती. शेक्सपिअरच्या काळी दोन्ही छटा शेजारीशेजारी नांदत होत्या. 'ऑथेल्लो'मध्ये कॅसिओ हे विशेषण डेस्डेमोनाला लावतो, तर 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये सर टोबी ते सर अँड्र्यूच्या 'कारणा'ला, अर्थात थट्टेने, लावतो. एकोणिसाव्या शतकात तर वेषभूषेचा अतिरेकी शौक करणाऱ्या छानछोकी पुरुषासाठी हाच शब्द नाम म्हणून रूढ झाला.

या सर्व प्रयोगांत समान असलेले तत्त्व म्हणजे सूक्ष्मतेची पराकाष्ठा होय. म्हणूनच भव्यतेशी या विशेषणाचे सहसा जमत नाही. सह्याद्रीच्या कड्याला ते शोभणार नाही. पैठणीच्या पदरावरील मोराला शोभेल, कारण त्याचे सौंदर्य जवळ जाऊन न्याहाळावे लागते. अभिरुचीला ते लागले असता 'चोखंदळ' हा प्रतिशब्द मूळ अर्थाच्या निकट जातो. कारागिरीसाठी 'अतिसुबक' आणि वेदनेसाठी 'अतितीव्र' योग्य ठरतो.

हा भेद केवळ साहित्यापुरता नाही. वैद्यकीय टिपणांत 'एक्स्क्विझिट टेंडरनेस' असा प्रयोग येतो. हलक्या स्पर्शानेही शरीराच्या एखाद्या भागात होणारी तीव्र वेदना, असा त्याचा अर्थ आहे. कोशातील पहिला प्रतिशब्द उचलून त्याचे भाषांतर 'नाजूक कोमलता' असे केल्यास रुग्णाचे दुखणेच कागदावरून नाहीसे होईल. तात्पर्य, या विशेषणाचा प्रतिशब्द ठरविताना प्रथम विशेष्य पाहावे. सौंदर्य हा त्याचा एक अर्थ आहे, संपूर्ण अर्थ नव्हे.