तांब्याचं भांडं काढून टाकायचं का?

वाचकांच्या पत्रांतून एकच प्रश्न आला: आईला अल्झायमर आहे, तर घरातलं तांब्याच्या भांड्यातलं पाणी बंद करू का?

ही धास्ती मुख्यतः सशांपासून सुरू झाली. 2003 मध्ये अमेरिकेत स्पार्क्स आणि श्रूअर्स यांनी कोलेस्टेरॉल चारलेल्या सशांच्या पाण्यात किंचित तांबं घातलं आणि त्यांच्या मेंदूत अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये गाठी करणारं प्रथिन, वाढलं. बातमी झाली तेव्हा कोलेस्टेरॉल गळालं, तांबं तेवढं उरलं. माणसाचं पाहिलं तर चित्र भलतंच निघतं. अल्झायमरने गेलेल्यांच्या मेंदूत एकूण तांबं कमीच भरतं. साचलेलं दिसतं ते अमायलॉइडच्या गाठींत. तेव्हा तांबं किती, यापेक्षा ते कोणाच्या ताब्यात आहे हे विचारायला हवं.

इथे माझी एक आवडती गोष्ट. 1938 मध्ये केंब्रिजच्या मान आणि कीलिन यांनी बैलाच्या रक्तातून तांबं धरून ठेवणारं एक निळसर प्रथिन वेगळं केलं. नाव ठेवलं हिमोक्युप्रीन. काम काय, पत्ता नाही. 1969 मध्ये ड्यूक विद्यापीठात मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी ओळखलं की हेच सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचं घातक रूप निकामी करणारं एन्झाइम, म्हणजे सुपरऑक्साइड डिसम्युटेज, थोडक्यात एसओडी. हे काम करतो तो त्यातला तांब्याचा अणूच. पण पेशी त्याला मोकळा फिरू देत नाही. एक वेगळं प्रथिन तो थेट एसओडीच्या हाती देतं. 1999 मध्ये यीस्टवर हिशेब मांडला गेला, तर मोकळं तांबं पेशीमागे एक आयनसुद्धा भरेना!

तांब्याचा तोच आयन अमायलॉइडला चिकटला की क जीवनसत्त्वासारख्या पदार्थांकडून इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतो, आणि त्यातून पुढे पेशींना इजा करणारे हायड्रॉक्सिल मूलक. एसओडीतही पेरॉक्साइड बनतंच, पण ते आवरायला कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही एन्झाइमं असतात. गाठीपाशी त्यांची धाव पुरी पडत नाही.

मग तांबं द्यावं की काढावं? दोन्ही करून झालं. जर्मनीत रुग्णांना वर्षभर रोज 8 मिलिग्रॅम दिलं. स्मरणशक्तीत फरक नाही. इटलीत पेनिसिलामाइन या तांबं काढणाऱ्या औषधाने काढून पाहिलं. घसरण थांबली नाही. दोन्ही चाचण्या लहान होत्या, हेही खरं.

भांड्यातलं तांबं खरोखर जिवावर उठलं ते आपल्या पुण्यात दिसलं, आणि तेही मेंदूच्या नव्हे, यकृताच्या रोगात. 1980 च्या दशकात केईएम रुग्णालयातले भावे, पंडित आणि इंग्लंडचे टॅनर यांनी तान्ह्या मुलांच्या सिरॉसिसचा माग काढला. तो निघाला बिनकल्हईच्या पितळी भांड्यात तापवलेल्या दुधाशी. दुधातलं केसिन तांबं ओढून घेतं. वेळेत पेनिसिलामाइन मिळालेली काही मुलं वाचली.

तेव्हा आईंचं पाणी चालू द्या. आंबटात तांबं उतरतं, म्हणून त्या भांड्यात ताक किंवा लिंबू-सरबत मात्र ठेवू नका, आणि घरात कोणाला शरीरात तांबं साचण्याचा विल्सनचा आजार असेल तर त्याला त्यातलं पाणीही नको.