फुकट मिळतो, मग विकत का घ्यायचा?

मुलांनो, कॉम्प्युटरवरच्या खेळांचा विषय निघाला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "तोच खेळ इंटरनेटवर फुकट मिळतो, मग पैसे कशाला द्यायचे?" "चोरी करणे वाईट" एवढ्याने तुमचे समाधान होत नाही. तुमचा पुढचा प्रश्न तयारच असतो: "मूळ खेळ तर कंपनीकडेच राहतो. मग चोरी कसली?"

प्रश्न बरोबर आहे. कोणाची सायकल पळवली तर त्याच्याकडे सायकल उरत नाही. खेळाची नक्कल केली तर मूळ खेळ जागच्या जागी राहतो. बुडतो तो करणाऱ्याच्या कष्टाचा मोबदला.

'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा खेळ तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. सिॲटलच्या एरिक बरोन ह्या एकाच तरुणाने चार वर्षांहून जास्त काळ खपून तो तयार केला. चित्रे, संगीत, गोष्ट, प्रोग्रॅम, सगळे एकट्याने! त्या काळात तो एका नाट्यगृहात अर्धवेळ नोकरी करत होता. २०१६ साली खेळ बाजारात आला, किंमत सुमारे १५ डॉलर. २०२४ अखेर त्याच्या ४ कोटींहून जास्त प्रती खपल्या होत्या. लोकांनी पैसे दिले म्हणून बरोनला पुढेही ह्याच खेळावर काम करता आले, आणि त्याने घातलेली नवी भर जुन्या गिऱ्हाइकांना फुकट मिळाली.

दुसरे कारण घरातले आहे. चोरून उतरवलेल्या खेळात व्हायरस लपवलेला असू शकतो. ज्या कॉम्प्युटरवर बाबा बँकेचे काम करतात, त्याच कॉम्प्युटरवर तो शिरला तर १५ डॉलर वाचवायला गेलेले घर फार महागात पडते.

पोलंडमधली गोष्ट

पोलंड देशात १९९० च्या सुमारास नक्कल केलेले खेळ बाजारात उघडपणे विकले जात. नवा कॉपीराइट कायदा आला तो १९९४ साली. त्याच वर्षी मार्चिन इविन्स्की आणि मिहाऊ किचिन्स्की ह्या दोन शाळासोबत्यांनी 'सीडी प्रोजेक्ट' नावाची कंपनी काढली. चोरीचा खेळ स्वस्त असताना आपला महाग खेळ कोण घेणार, हा त्यांच्यापुढचा पेच होता.

१९९९ साली त्यांनी 'बाल्डर्स गेट' हा गाजलेला खेळ पोलिश भाषेत आणला. संवाद पोलिश नटांच्या आवाजात होते. खोक्यात सीडींबरोबर नकाशा आणि पुस्तिकाही होती. लोकांनी तो आनंदाने विकत घेतला, कारण चोरीच्या सीडीवर न मिळणारी गोष्ट त्यांना मिळाली: आपली भाषा. शनिवारी सकाळी लवकर उठून मराठी शिकायला येणाऱ्या मुलांना ह्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको!

पुढे २००८ साली ह्याच कंपनीने 'गुड ओल्ड गेम्स', म्हणजे आजचे 'गॉग', हे दुकान सुरू केले. इतर बरेच विक्रेते खेळाला एक डिजिटल कुलूप लावतात. त्याला 'डीआरएम' म्हणतात. खेळ सुरू करताना कंपनीची परवानगी मिळाली तरच ते उघडते. गॉगने ठरवले की कुलूप लावायचेच नाही. पैसे द्या, फाइल उतरवून घ्या, आणि इंटरनेट नसतानाही खेळा.

विकत घेतले म्हणजे आपले झाले का?

नेहमीच नाही. 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ २०१४ साली निघाला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले, आणि पैसे मोजून घेतलेला खेळ एकट्याने खेळणेही अशक्य झाले. मार्च २०२३ मध्ये निन्टेंडोने 'थ्रीडीएस' आणि 'वी यू' ह्या यंत्रांवरची खेळांची विक्री थांबवली. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात मिळेनासे झाले आहेत, असे २०२३ च्या एका पाहणीत दिसले.

म्हणूनच कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून नवा कायदा लागू झाला. 'विकत घ्या' असे बटण दाखवणाऱ्या दुकानाने, गिऱ्हाइकाला मिळतो तो केवळ वापरण्याचा परवाना, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. जो माल कायमचा उतरवून ठेवता येतो, त्याला ही अट नाही.

"ते आपला खेळ काढून घेतात, मग आपण का पैसे द्यायचे?" असे कोणी म्हणेल. राग रास्त आहे. पण चोरीने तो राग कंपनीला कळत नाही. तिला फक्त एक चोर दिसतो आणि ती आणखी मोठे कुलूप आणते. जो विक्रेता खेळ खरोखर आपल्या हातात देतो, त्याच्याकडून घेतले, तर इतरांनाही तसे वागावेसे वाटेल.

खेळ कसा जपावा?

१. घेण्यापूर्वी पाहा: फाइल उतरवून ठेवता येते का? इंटरनेटशिवाय चालते का?
२. गॉगवर 'ऑफलाइन इन्स्टॉलर' मिळतो. तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा.
३. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या जागी ठेवा. डिस्क केव्हा ना केव्हा बिघडतेच.
४. तुम्ही खेळून जिथवर पोहोचलात ती 'सेव्ह' फाइल वेगळी असते. तिचीही प्रत घ्या.
५. डिस्कवर नाव आणि तारीख लिहा. वर्षातून एकदा लावून पाहा.

पालकांसाठी

कॅसेटचा जमाना आठवा. भारतातून आणलेली नाटकाची मूळ कॅसेट कपाटात जपून ठेवायची आणि तिची प्रत गाडीत ऐकायची, असे अनेक घरांत चाले. जपण्यासाठी केलेली प्रत वेगळी, आणि दहा जणांना वाटण्यासाठी केलेल्या प्रती वेगळ्या. कायदाही हा फरक जाणतो. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याचे ११७ वे कलम प्रोग्रॅमच्या प्रतीच्या मालकाला जपणुकीसाठी आणखी एक प्रत करू देते. भारताच्या १९५७ च्या कायद्यातही अशी सोय आहे. मात्र डिजिटल कुलूप फोडायला अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. म्हणून मुळात बिनकुलपाचा खेळ निवडणे सोपे.

घरचा अभ्यास

आईबाबांबरोबर बसून घरातल्या खेळांची यादी करा. इंटरनेट बंद करून त्यातले कोणते चालतात ते पाहा. कोणते खेळ खरोखर आपले आहेत? पाच वाक्ये मराठीत लिहून पुढच्या वर्गाला आणा.