उंदराच्या शरीरातील साखरेचा माग

कर्करोगावरील नवे औषध रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वी बहुधा उंदरांवर तपासले जाते. औषधाचा परिणाम पाहण्यासाठी पूर्वी ठराविक दिवसांनी काही उंदीर मारून त्यांच्या अवयवांची तपासणी करावी लागे. पहिल्या दिवशी तपासलेला उंदीर निराळा आणि दहाव्या दिवशीचा निराळा. त्यामुळे एकाच प्राण्यातील गाठ कशी बदलत गेली, हे कळत नसे. लहान प्राण्यांसाठी बनविलेल्या पेट-सीटी यंत्रांनी ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. मात्र, या यंत्रातील चित्र कितपत खरे, हे उंदराची निगा कशी राखली यावरही ठरते.

भुकेल्या पेशींचा शोध

या तपासणीत एफडीजी हे द्रव्य सर्रास वापरले जाते. ते ग्लुकोजसारखेच असते. फक्त त्याला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. पेशी ते साखर समजून आत घेतात. पण त्याचे पुढे ज्वलन होत नसल्याने ते तेथेच साचते. अनेक प्रकारच्या कर्कपेशी साखर अधिक ओढतात, म्हणून गाठ उजळ दिसते.

फ्लोरिनमधून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भिडताच दोघेही नष्ट होतात आणि दोन गॅमा किरण परस्परविरुद्ध दिशांना धावतात. भोवतालच्या कड्यातील संवेदक ते एकाच क्षणी टिपतात व संगणक त्यावरून मूळ जागा शोधतो. सीटीतील क्ष-किरण हाडे आणि अवयवांचा नकाशा देतात. साखर कोठे साचली, हे दोन्ही चित्रे एकमेकांवर ठेवल्यावर नेमके समजते.

उंदराचे वजन जेमतेम २० ते ३० ग्रॅम आणि त्याची गाठ काही मिलिमीटरची. माणसांसाठीच्या यंत्रात ती धूसर दिसते. त्यामुळे लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सायमन चेरी व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ‘मायक्रोपेट’ विकसित केले. त्याची नजर सुमारे दोन मिलिमीटरपर्यंत पोहोचली. पुढच्या यंत्रांनी ती एक मिलिमीटरच्या आसपास नेली.

थंडीची फसवणूक

माणसाला सुखद वाटणारी २२ अंशांची खोली उंदराला मात्र थंड असते. ऊब राखण्यासाठी त्याच्या खांद्यांमधील तपकिरी चरबी साखर जाळते आणि चित्रात गाठीसारखीच चमकते. उंदीर जागा राहून हालचाल करीत असेल, तर स्नायूही एफडीजी ओढतात. पोट भरलेले असेल, तर रक्तातील साखर त्याच्याशी स्पर्धा करते. उंदरांना काही तास उपाशी ठेवून उबेत व भुलीखाली ठेवल्यास गाठ अधिक स्पष्ट दिसते, असे याच विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले.

वेळेचेही बंधन असते. फ्लोरिन-१८ ची किरणोत्सारिता ११० मिनिटांत निम्मी होते. शेपटीच्या शिरेतून इंजेक्शन दिल्यावर साधारण तासाभराने चित्रण केले जाते. उंदराच्या शरीरात रक्तच सुमारे दोन मिलिलिटर असल्याने द्रव्य अगदी थोडे द्यावे लागते.

तंत्राला मर्यादाही आहेत. सूज आलेला भागही उजळतो, तर फार लहान गाठ प्रत्यक्षाहून फिकी दिसते. तरीही एकच उंदीर आठवड्यांमागून आठवडे तपासता येत असल्याने तो स्वतःच तुलनेचा आधार बनतो. प्रयोगात कमीत कमी प्राणी वापरावेत, हे तत्त्व ब्रिटनच्या रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडले होते. ते पाळायचे, तर प्रत्येक चित्र विश्वासार्ह असले पाहिजे. थंडीने कुडकुडणाऱ्या उंदराचे चित्र वाया गेले, तर प्रयोग पुन्हा करावा लागतो आणि वाचवलेले प्राणी पुन्हा खर्ची पडतात.