जागल

रात्री दोनच्या सुमारास आमच्या गावात जी थोडी माणसे जागी असतात, त्यांत बहुतेक उसाला किंवा कांद्याला बारे धरायला निघालेले शेतकरी असतात, कारण शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीलाच येते. आणि एखाद्या घरी, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची कूस पालटण्यासाठी उठलेला माझ्यासारखा एखादा मुलगा असतो. शेतकऱ्याच्या हातातील विजेरी बांधावरून पुढे सरकत जाते, माझी मात्र एका खाटेभोवती फिरते. रात्री शेताची राखण करण्याला आमच्याकडे जागल म्हणतात. गेले चौदा महिने मी जे करीत आलो आहे त्याला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

नेवासे तालुक्यातील आमचे शनिशिंगणापूर हे गाव साऱ्या देशाला ठाऊक आहे ते त्याने आपली राखण देवावर सोपविली म्हणून. उघड्या आभाळाखाली चौथऱ्यावर उभी असलेली सुमारे साडेपाच फूट उंचीची काळी शिळा हाच येथील देव. त्याच्यावर छप्पर नाही, आणि परंपरेप्रमाणे गावातील घरांना चौकटी असल्या तरी कवाडे नाहीत, कडीकोयंडा नाही, कुलूप नाही. २०११ साली युको बँकेने येथे शाखा उघडली तेव्हा कुलपावाचूनची बँक म्हणून तिची सर्वत्र चर्चा झाली. २०१५ साली गावात पोलीस ठाणेही आले. पण आजही कित्येक घरांत रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून एखादी फळी चौकटीला टेकवून ठेवतात, एवढाच काय तो बंदोबस्त. अशा गावात वाढलेल्या माणसाला पहारा ही गोष्ट परकीच असते. वडिलांच्या दुखण्याने मात्र मला पहारा शिकविला, आणि तो कोणावरही, देवावरसुद्धा, सोपविता येत नाही हेही शिकविले.

ज्या दिवशी हे दुखणे आले त्या दिवसाची कबुली आधी दिली पाहिजे. तात्या, म्हणजे माझे वडील, पहाटे उठले तेव्हा त्यांच्या तोंडाचा उजवा कोपरा किंचित ओघळला होता, हातातून पाण्याचा तांब्या निसटला आणि जीभ जड झाली. वारे लागले असेल, अंगावर झोपल्याने हात बधिर झाला असेल, असे म्हणून आम्ही तेल कोमट करून हात चोळीत बसलो. कोणी साडेसातीचे नाव घेतले, कोणी चौथऱ्यावर तेल वाहून आले. सुमारे ३५ किलोमीटरवरच्या नगरला आम्ही पोहोचलो ते दुपारी. मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ती मुदत आम्ही अंगणातच दवडली होती. १०८ हा क्रमांक राज्यात २०१४ पासून रुग्णवाहिका पाठवितो. तो आमच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये होता, आणि तो फिरविण्याचे कोणालाही सुचले नाही. यात दोष कोणाचा असेल तर तो माझा. तोंड वाकडे होणे, एक हात वर न राहणे, बोबडे बोलणे, या तिन्हींपैकी एक जरी दिसले तरी क्षणाचाही विचार न करता वाहन बोलवावे, हे मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगत असतो.

तात्या जन्मभर तलाठी होते. फेरफार, पीकपाहणी, सातबारा यांच्या दप्तरात त्यांचे आयुष्य गेले, आणि जे वहीत नाही ते घडलेच नाही हे त्यांचे ठरलेले वाक्य. म्हणून रुग्णालयातून घरी आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती ही की, त्यांच्याच जुन्या कोऱ्या नोंदवहीत त्यांच्या शिस्तीने रकाने आखले: वेळ, कूस, अन्न, लघवी, रक्तदाब, औषध, आणि शेवटी शेरा. आईला वीस वर्षांपासून मधुमेह आहे आणि ती इन्सुलिनवर आहे. तिच्यासाठी डाव्या पानावर साखरेचा आणि इन्सुलिनच्या मात्रेचा असे दोन वेगळे रकाने. रक्तदाब घ्यायचा तो पाच मिनिटे स्वस्थ बसवून, न बोलता, चांगल्या हाताला पट्टा बांधून आणि तो हात हृदयाच्या पातळीवर ठेवून. हे सारे प्रथम पाळीत नव्हतो म्हणून पहिल्या आठवड्यातील आकडे एकमेकांशी भांडतात. पुढे मात्र वही इतकी बोलकी झाली की डॉक्टर माझ्या तोंडी हकिकतीऐवजी तीच मागून घेऊ लागले.

आता कूस पालटण्याविषयी, कारण या साऱ्या कामाचा कणा तोच आहे. दर दोन तासांनी आजाऱ्याला या कुशीवरून त्या कुशीवर करावयाचे, एवढेच ते काम. पण ते नीट करायला मला दोन महिने लागले. प्रथम हाक मारावयाची. झोपेत असले तरी, समजत नसले तरी, "तात्या, आता डावीकडं वळायचंय हं," असे सांगितल्यावाचून त्या देहाला हात लावावयाचा नाही, कारण न सांगता हलविलेले अंग भयाने ताठरते. मग निकामी झालेला उजवा हात अलगद छातीवर घ्यावयाचा. तो मनगटाला धरून ओढावयाचा मुळीच नाही, कारण स्नायूंचा आधार सुटलेला खांदा अशा ओढीने सांध्यातून उतरतो. मग उजवा गुडघा उभा करून, एक तळवा खवाट्याखाली आणि दुसरा कमरेखाली घालून, जमिनीवरचा ओंडका फिरवावा तसे सगळे शरीर एकदम वळवावयाचे. पाठीशी उशी, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये चौघडी, टाचा गादीला न टेकता अधांतरी. एवढे झाले की विजेरीच्या उजेडात माकडहाड पाहावयाचे. तेथे तांबूस डाग दिसला तर बोटाने दाबून सोडावयाचा. बोटाखाली तो पांढरा पडून पुन्हा रंग भरला तर कातडी जिवंत आहे, आणि दाबूनही तांबडाच राहिला तर ती येऊ घातलेल्या व्रणाची वर्दी समजावयाची. तिसऱ्या महिन्यात अशी वर्दी एकदा आली. त्या कुशीवर आठ दिवस त्यांना निजविले नाही, हवेची गादी आणली, आणि डाग मावळला तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिले, 'कातडी पूर्ववत'. नोकरीतील कोणत्याही बढतीने मला तसे समाधान दिले नव्हते.

अन्नाचे असेच. पक्षाघाताने घशाचे स्नायूही मंदावतात आणि मग पाणी, जे आपल्याला सर्वांत निरुपद्रवी वाटते, तेच श्वासनलिकेत उतरून फुफ्फुसाचा विकार उत्पन्न करू शकते. म्हणून आंबील, दाटसर पेज, मऊ वरणभात एकजीव करून. पाठ सरळ, हनुवटी थोडी छातीकडे, घास जिभेच्या चांगल्या बाजूला, आणि पहिला घास गिळला गेला हे गळ्याच्या हालचालीवरून दिसल्यावाचून दुसरा नाही. जेवणानंतर अर्धा तास बसतेच ठेवावे लागते. एका वाटीला पाऊण तास लागतो. आणि तो पाऊण तास ज्याच्याजवळ नाही त्याने चमचा हाती घेऊ नये.

दार नसलेल्या घरातील आजारपणाला एक निराळी अडचण आहे, ती लज्जेची. ज्या माणसाने चाळीस वर्षे इस्त्रीचा सदरा घातल्यावाचून उंबरा ओलांडला नाही, त्याचे अंग पुसावयाचे, त्याला भांडे द्यावयाचे, आणि रस्ता तर थेट ओसरीशी. आम्ही चौकटीला जाड पडदा लावला, आणि गावाने त्या पडद्याचा असा मान राखला की तसा बंद दाराचाही राखला गेला नसता: माणूस बाहेर उभा राहून खाकरतो, "तात्या, येऊ का?" म्हणून विचारतो, आणि आतून माझा आवाज येईपर्यंत उंबऱ्याशी थांबतो. तात्यांना उत्तर देता येत नाही हे सर्वांना ठाऊक आहे, तरी विचारतात तात्यांनाच. त्या प्रश्नाने त्यांच्या डाव्या डोळ्यात जी हालचाल होते ती मी पाहिली आहे. आपण अजून या घराचे कर्ते आहोत, ही ओळख त्यांना औषधाइतकीच आवश्यक होती.

कारण त्यांची वाचा गेली होती. उजवे अंग गेले म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या भागाला, आणि बहुतेकांच्या वाणीचे स्थान तेथेच असते. त्यांना समजत होते, शब्द सापडत नव्हते. पाणी हवे असले तरी 'दप्तर', अंग दुखले तरी 'दप्तर'; एवढा एकच शब्द त्या मोडलेल्या घरात शिल्लक राहिला होता. प्रथम मी त्यांच्या वतीने वाक्ये पुरी करीत असे, आणि ते चिडून भिंतीकडे तोंड फिरवीत. वाचोपचार करणाऱ्या ताईंनी मला गप्प राहायला शिकविले: प्रश्न असा विचारा की उत्तर मानेने देता येईल, आणि मग वाट पाहा. आपल्या भाषेत रुग्णसेवेला शुश्रूषा म्हणतात, आणि त्या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. कितीदा तो शब्द मी उच्चारला असेल. त्याचा अर्थ कळला तो त्या खाटेशी. हळूहळू 'दप्तर' या एकाच शब्दाचे सात-आठ स्वर मला ओळखू येऊ लागले. सहाव्या महिन्यात खांद्याला धरून ते दोन पावले चालले. शनैश्चर म्हणजे सावकाश चालणारा. ज्या देवाच्या गावात जन्म काढला त्याची चाल त्यांनी उतारवयात पत्करली, आणि ती मंद असली तरी चाल आहे, हे आम्ही मानू लागलो.

या साऱ्या काळात एका माणसाची नोंद त्या वहीत कोठेच नव्हती, ती माझी. सकाळी शाळा, दुपारी औषधे, रात्री दर दोन तासांनी गजर, असे सात महिने गेल्यावर एका रात्री मी खुर्चीतच झोपी गेलो आणि गजर ऐकलाच नाही. जाग आली ती कोणी खांदा हलवीत होते म्हणून. बारे धरून परतणाऱ्या शेजाऱ्याला आमचा दिवा जळताना दिसला होता, आतून आईचे असंबद्ध बोलणे ऐकू आले होते, आणि या खेपेला न खाकरता तो सरळ आत आला होता. "गुरुजी, उठा! आत्याबाईंना दरदरून घाम फुटलाय." आईची साखर ४८ होती. तिला गिळता येत होते म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी यंत्राने ७६ दाखविले, मग थोडी भाकरी दिली, आणि पाऊण तासाने ती आम्हालाच "झोपा की रे आता," असे सांगू लागली. संध्याकाळी ती धड जेवली नव्हती आणि इन्सुलिन मात्र मी नेहमीचेच दिले होते. थकलेल्या डोक्याला त्या दोन गोष्टींचा संबंध लागला नव्हता. घराला दार असते तर ती रात्र कशी गेली असती, याचा विचार मी अजूनही पुरा करू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी गावच्या आशा सेविका आल्या तेव्हा त्यांनी तात्यांच्या आधी माझा दंड पुढे ओढला. आकडा होता १६८ वर १०४. वयाच्या ५४ व्या वर्षी मला पहिल्यांदा कळले की ज्या रोगाने वडिलांना पाडले तोच माझ्या घरात, माझ्या अंगात, निमूटपणे येऊन बसला आहे. उच्च रक्तदाब पुष्कळदा कोणतेही लक्षण दाखवीत नाही, आणि आईबापांपैकी एकाला तो असेल तर मुलांनी तो नियमाने मोजला पाहिजे, हे मी त्यांच्याच वहीत रोज आकडे मांडीत असताना स्वतःला लागू केले नव्हते. मी खाली पडलो असतो तर एका खाटेच्या दोन खाटा झाल्या असत्या, आणि जागल करणारा कोणीच उरला नसता.

त्यानंतर आम्ही तजवीज बदलली. रात्रीच्या दोन पाळ्या केल्या, एक पत्नीची आणि एक माझी. आठवड्यातील दोन रात्री पुतण्या नगरहून येतो, आणि एका रात्री तोच शेजारी, "तुम्ही निजा, मी बसतो," म्हणून खुर्ची ओढून घेतो. सलग पाच तास झोप ही चैन आहे, असे मानण्याचे मी सोडले. ते औषध आहे. उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यातून बसावयाचे, सकाळी पानसनाल्याच्या बाजूने अर्धा तास चालावयाचे, ताटातले मीठ कमी करावयाचे आणि गोळी चुकवावयाची नाही. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याण अधिनियमाने मुलांवर पालनपोषणाची जबाबदारी टाकली आणि महिना दहा हजारांपर्यंतच्या निर्वाहभत्त्याची मर्यादाही लिहून ठेवली. पण रात्रींचा हिशेब कोणताही कायदा ठेवीत नाही. तो घरानेच, भावंडांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून ठेवावा लागतो.

गेल्या नोव्हेंबरात तात्यांच्या निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावयाचा होता. डाव्या हाताने अक्षर गिरविण्याचा सराव त्यांनी तीन आठवडे केला, आणि अंगठा न उठविता सही केली. वाकडी, पण सही. घरी आल्यावर त्यांनी बोटाने नोंदवही मागितली, पाने उलटली, आणि शेऱ्याच्या पुढची कोरी जागा दाखवून माझ्या छातीवर बोट टेकले. त्या दिवसापासून तेथे एक नवा रकाना आहे, माझ्या नावाचा: झोप, रक्तदाब, गोळी. ज्यांच्या घरी कोणी आजारी आहे त्यांना माझी कळकळीची विनंती एवढीच आहे की, आज रात्री वही उघडाल तेव्हा तो रकानाही आखा, आणि आईवडिलांच्या नोंदीइतक्याच निष्ठेने तो रोज भरा.